घर भाड्याने देताना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपली पुष्कळ कुटुंबे चाकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेली आणि नगरची वडिलोपार्जित घरे भाडेकऱ्यांच्या हाती राहिली. ‘ओळखीच्या माणसाशी कागद कशाला?’ असे आपल्यात म्हणतात; परंतु कायदा ओळख पाहत नाही.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. त्याच्या कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. याउलट, राहत्या जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार रीतसर केलेला असल्यास मुदतीनंतर जागा अडविणाऱ्याकडून कलम २४ अन्वये दुप्पट शुल्क मागता येते.

दुरुस्तीसाठी कर्ज काढावयाचे, तर बँक प्रथम मालकीचे कागद पाहते. उतारा अद्याप आजोबांच्याच नावे असेल, तर भावंडांनी एकत्र बसून आधी वारसनोंद करून घ्यावी.

शब्दाचा मान राखावाच. पण तो मुद्रांकावर लिहून राखावा, म्हणजे मुलाबाळांस कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.