उद्या तोड कुणाला?



 परिषदेच्या नोंदणीच्या अर्जात स्वागत समितीने दोनच प्रश्न विचारले होते: मुक्काम आहे का, आणि जेवण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे की शाकाहारी? पदनाम, शिक्षण, अनुभवाची वर्षे हे रकाने छापायचे राहिले की काय, अशी चौकशी काही जणांनी केली. राहिले नव्हते. खोल्या आणि रस्सा ठरवायला तेवढीच माहिती लागत होती. व्यवस्थापन माहिती प्रणाली या विषयावरच्या परिषदेने निदान एवढे पथ्य पाळावे, असे समितीला वाटले.

परिषद ऐन गाळप हंगामात भरते आहे आणि तो योग चांगला आहे. कोल्हापूरच्या या पट्ट्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला रोज एकच प्रश्न सोडवायचा असतो. उद्या तोड कुणाला? प्रश्न तीन शब्दांचा, पण त्यामागची माहिती दीड वर्षापासून साठत आलेली असते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला, सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा, आणि वर खोडवा. प्रत्येकाची पक्वता वेगळी. कोवळा तोडला तर साखरेचा उतारा पडतो, तुरा येऊन गेल्यावर तोडला तर वजन घटते. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, कारण तोडल्या क्षणापासून त्यातली साखर कमी होऊ लागते. एकाच गटात तोडणीच्या टोळ्या जास्त लावल्या तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग यार्डाबाहेर जाते. कमी लावल्या तर ‘नो केन’ म्हणून मिल थांबते. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, उताऱ्याला बांधलेली असल्याने शेतकी खात्याच्या टेबलावरची चूक शेवटी शेतकऱ्याच्या बिलात उतरते.

म्हणून लागणीची तारीख, जात, क्षेत्र, नोंदीचा क्रमांक, कारखान्याच्या चिटबॉयने फडातून पाठवलेली चिठ्ठी, काट्यावरचे वजन हे सगळे एका साखळीत बसवले जाते, आणि संगणक लागण तारखेनुसार तोडणीचा क्रम काढून देतो. क्रम बरोबर असतो. पण तो क्रम आणि फडातला कोयता यांच्यामध्ये एक फोन असतो. सहकारात फोन ही सर्वांत जुनी, सर्वांत जलद आणि बिनखर्चाची माहिती प्रणाली आहे, याबद्दल या सभागृहात दुमत नसावे! फोन बंद करणारे सॉफ्टवेअर अजून कुणी विकायला आणलेले नाही. मात्र क्रम कुणी, केव्हा आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलला, याची नोंद ठेवणारी प्रणाली शेतकी अधिकाऱ्याच्या हाती एक नम्र उत्तर देते: ‘साहेब, बदलतो, पण नाव पडतं.’ नुसत्या या वाक्याने कितीतरी निर्णय सरळ होतात.

या जिल्ह्याने या क्षेत्रात एक मोठा प्रयोगही पाहिला आहे. 1998 मध्ये वारणा परिसरातील, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे आली. बाजारभाव, शेतीसल्ला, इंटरनेट अशी स्वप्ने मोठी होती आणि त्या काळात ती पाहणेही धाडसाचे होते. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या कामांपुरता राहिला. वजन किती भरले, तोडीचा परवाना कधी, खताचा हिशेब काय, एवढ्यासाठीच लोक तिथे येत. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत आठ महिने चाचणी घेतली. संगणक काढून साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवला. संगणकावर होत होती ती सगळी कामे त्यात झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना तीच पद्धत जास्त सोयीची वाटली. वारणेचा प्रयोग फसला असे कुणी म्हणू नये. शेतकऱ्याला नेमके काय विचारायचे आहे ते त्या केंद्रांमुळेच कळले, आणि ते एका एसएमएसमध्ये मावणारे निघाले.

लागेल तेवढेच विचारण्याची ही रीत नवी नाही. व्यवसायाच्या रोजच्या कामासाठी संगणक पहिल्यांदा वापरला तो ना बँकेने ना तोफांच्या कारखान्याने, तर लंडनच्या जे. लायन्स या चहावाल्या कंपनीने. ‘लिओ’ नावाचे त्यांनी स्वतः बांधलेले यंत्र 1951 पासून बेकरीच्या मालाचा हिशेब करू लागले. 1954 च्या सुमारास त्यावर चहाच्या दुकानांच्या मागणीचे काम आले. प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी यंत्रात आधीच होती. दुकानाच्या व्यवस्थापिकेने फोनवरून फक्त बदल सांगायचा. उद्या पाव कमी, बन जास्त. ऐकता ऐकताच पलीकडची मुलगी तो कार्डावर छिद्रांनी नोंदवी. सगळी मागणी रोज नव्याने लिहून घेण्याची पद्धत लायन्सचे डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडली. ज्या यंत्राची स्मृती आजच्या साध्या फोनपुढे काहीच नव्हती, त्यावर एवढे नेमके काम झाले.

पुढे यंत्रे मोठी झाली आणि कागदही वाढला. 1967 मध्ये रसेल अ‍ॅकॉफ या अमेरिकन अभ्यासकाने लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच ‘मॅनेजमेंट मिसइन्फर्मेशन सिस्टिम्स’ होते. व्यवस्थापकाला माहिती कमी पडते त्यापेक्षा बिनकामाच्या माहितीचा त्रास जास्त होतो, हा त्याचा मुद्दा. त्याने एका कंपनीच्या साठ्याच्या संगणकीय पद्धतीचे उदाहरण दिले. व्यवस्थापक तिच्यावर खूश होते, पण यंत्र खरेदीचा आदेश कोणत्या नियमाने काढते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि तपासणीत ती जुन्या हाती पद्धतीपेक्षा महाग पडत असल्याचे निघाले. आज पडद्यावर रंगीत आलेख आले आहेत. नियम कुणी घातला, हे विचारणारे मात्र अजूनही थोडेच.

बँका आणि दूध संघांच्या प्रतिनिधींचे दाखले वेगळे असतील. त्यांच्यासाठी उद्याची दोन सत्रे राखून ठेवली आहेत. आज दुपारी चार वाजता कारखान्याचा काटा, यार्ड आणि शेतकी कार्यालय पाहायला बसगाड्या निघतील. तिथे शेतकी अधिकाऱ्याला प्रतिनिधींनी संगणकाचा वेग किंवा सॉफ्टवेअरचे नाव विचारू नये, अशी समितीची विनंती आहे. रोज सकाळी त्याच्या टेबलावर किती अहवाल येतात आणि त्यातले आज त्याने कोणते उघडले, एवढेच विचारावे.