एक दिवस, नुसता फिरायला

आम्ही कुरवंड्याच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या रस्त्याने पुढे आलं, की नागफणीच्या कड्याजवळ आमचं गाव लागतं. देहूला आणि आळंदीला तुम्ही जिच्या काठावर उभ्या राहून हात जोडता, ती इंद्रायणी आमच्या शिवारात उगम पावते. तिथे ती एवढीशी असते, लहान पोरही उडी मारून पलीकडे जाईल.

आज आम्हाला पापड-लोणच्याबद्दल किंवा कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचंय फिरायला जाण्याबद्दल. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

आमच्याकडे पाऊस सुरू झाला, की शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईची माणसं भिजायला येतात. आमच्यातल्या कुणी कणसं भाजतात, कुणी भजी तळतात, कुणी बंगल्यांवर भांडी-फरशीला जातात. लोक पावसात नाचतात आणि आम्ही शेगडी विझू नये म्हणून तिच्यावर छत्री धरून उभ्या असतो. त्यात वाईट काही नाही, चार पैसे मिळतात. पण गटाच्या एका बैठकीत सहज प्रश्न निघाला. काम नसताना, देव नसताना, लग्न किंवा मयत नसताना तुम्ही घराबाहेर शेवटच्या कधी पडलात?

कुणालाच आठवेना.

आमच्या गटात सत्तरीच्या एक मावशी आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, जन्म गेला माळवली स्टेशनावरून जाण्यात. खिडकीतून डोंगरात ती काळी भोकं दिसतात. तिथे काय आहे, ते बघायचं राहिलंच." ती भोकं म्हणजे भाज्याची लेणी. लोणावळ्याच्या पुढचंच स्टेशन माळवली, आणि तिथून पायी जाण्यासारखं अंतर. जगभरातून लोक ती बघायला येतात आणि मावशींनी ती खिडकीतूनच बघितलेली! तेव्हाच ठरलं, की भाज्याला जायचं.

ठरवणं सोपं होतं, घरी सांगणं अवघड. "फिरायला? पोरीबाळी आहात का तुम्ही?" हे बहुतेकींनी ऐकलं. एक जण म्हणाली, "आपण एकवीरेला जातोय असं सांगू. देवीचं नाव घेतलं की कुणी अडवत नाही." बरोबरच होतं तिचं. कारल्याची एकवीरा समोरच्याच डोंगरावर आहे, खोटं पचलंही असतं. पण मावशी नको म्हणाल्या. "देवीला मधे कशाला घालायचं? एकवीरेला जाऊ तेव्हा एकवीरेसाठी जाऊ. आज फिरायला जायचंय, तर फिरायला असंच सांगायचं. एकदा खोटं सांगून गेलात, तर दर वेळी खोटंच सांगावं लागेल." आम्हाला ते पटलं. देवदर्शनाला आपल्याला रजा मिळते, ती देवाला मिळते. आपल्याला स्वतःसाठी एक दिवस हवा असेल, तर तो आपल्याच नावाने मागायला हवा.

मग तयारी केली. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं, दिवस कुठला? भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर, डिसेंबरातला मंगळवार धरला. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला. त्या दिवशी गर्दी असते आणि आमच्यातल्या काहीजणींचा धंदाही असतो.

दुसरं, पैसे. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि कर्ज काढायचं नाही. तीन महिने प्रत्येकीने आठवड्याला दहा रुपये वेगळे टाकले. लोणावळ्यापर्यंत जीप, पुढे लोकल, लेण्यांचं तिकीट आणि एक चहा, एवढं सगळं त्यातच भागलं. लेण्यांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. तुमच्याकडे रेल्वे नसेल, तर एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना तर फुकट. ही सवलत आपण माहेरी जायला वापरतो, फिरायलाही वापरू या.

तिसरं, घर. ही खरी अडचण. गुरं कोण बघणार, शाळेतून आलेल्या पोरांना कोण वाढणार? आम्ही बावीस जणी. त्यातल्या तिघी मागे राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांची गुरं, पोरं सांभाळली. पुढच्या सहलीत पहिली नावं त्या तिघींची, असं वहीत लिहून ठेवलं. नुसतं तोंडी ठेवलं असतं तर विसरलो असतो.

चौथं, सासवा. एका घरी सासूबाई ठाम नाही म्हणाल्या. आम्ही जाऊन सुनेसाठी रदबदली केली नाही, सासूबाईंनाच आमंत्रण दिलं. "तुम्ही पुढे बसा, सुनेला पाण्याची पिशवी धरायला घ्या." आल्या की त्या!

अशा एकोणीस जणी आणि त्या सासूबाई धरून वीस, सकाळच्या लोकलने माळवलीला उतरलो. एक्सप्रेस वेवरच्या पुलावरून पलीकडे गेलो आणि भाजे गावातून चढाला लागलो. नियम एकच होता. सर्वांत हळू चालणारी सगळ्यांच्या पुढे. मावशी पुढे आणि आम्ही मागे. पायऱ्यांवर त्या चार वेळा बसल्या, तर आम्हीही चार वेळा बसलो. आणि खरं सांगतो, बसलो म्हणूनच खालचं मावळ नीट दिसलं. कापणी झालेली खाचरं, मधून जाणारी आगगाडी आणि पलीकडे झाडांच्या रांगेतून वळत गेलेली आमची इंद्रायणी.

भाज्याला बावीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. मोठ्या चैत्याच्या छताला लाकडाच्या कमानी आहेत. एका लेण्यात बाई नाचतेय आणि दुसरी तबल्यासारखं वाद्य वाजवतेय, असं कोरलंय. ते बघून आमच्यातल्या भजन म्हणणाऱ्या बायका तिथून हलेनात.

पण आम्हाला सगळ्यात लक्षात राहिलं ते वेगळंच. आमच्या शाळेतल्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की सहाव्या लेण्यात एका खोलीच्या दारावर ब्राह्मी अक्षरं आहेत, ती शोधा. ती अक्षरं सांगतात, की हे दान एका हालिकाच्या बायकोचं. हालिक म्हणजे नांगर धरणारा. तिचं नाव कुणी बाधा असं वाचतात, कुणी बोधी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मावळात एका शेतकऱ्याच्या बायकोने आपल्या पैशाचं दान दिलं आणि तिचं नाव दगडात कोरलं गेलं. आम्हाला अक्षरं वाचता येत नव्हती. तरी एकेक करून सगळ्या त्या दारापुढे उभ्या राहिलो. आम्हीही नांगर धरणाऱ्यांच्याच बायका, आता पॉवर टिलर आला एवढंच. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आमच्यातल्या कितीजणी खेटे घालतायत. घरी परतताना वाटेत बोलणं त्याचंच होतं.

खाली उतरलो आणि नदीकाठी सावलीत बसलो. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ, ठेचा, कांदा. सगळ्यांचे डबे मध्ये ठेवले. जेवण झालं आणि भांडी घासायला कुणी उठलं नाही, कारण घासायला काही नव्हतंच. फडक्यात बांधून नेलं होतं, फडकं झटकलं की झालं. मग काय करावं ते कुणालाच सुचेना! दुपारी दोन वाजता रिकामं बसायची सवयच नाही. एक जण तर बसल्या जागी गवत उपटायला लागली. शेवटी त्या सासूबाईंनीच चपला काढल्या, काठाशी बसून पाय पाण्यात सोडले आणि सुनेला म्हणाल्या, "ये गं, बस." मग झिम्मा झाला, फुगड्या झाल्या. काहीजणी चक्क झोपल्या.

तीन वाजता फोन सुरू झाले. कुणाच्या घरून विचारणा, चहाची पूड कुठल्या डब्यात? कुणाच्या घरून, कधी येणार? एकीच्या घरून जरा रागातच. तिने सांगितलं, "ठरल्या लोकलने येईन." तिचा आवाज कापत होता, पण ती उठली नाही. ठरल्या लोकलनेच आली. घर जागच्या जागी होतं.

आता जरा गंभीर बोलायचंय. डिसेंबरात नदी शांत असते. पावसाळ्यात तीच नदी माणूस नेते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लेकरं होती. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला आणि चार जण गेले. ही माणसंही आमच्यासारखीच एक दिवस आनंदात घालवायला आली होती.

आपल्याला घाट माहीत आहे, म्हणून आपण चुकणार नाही असं समजू नका. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. तुम्ही उभ्या आहात तिथे ऊन असलं, तरी पाणी वाढू शकतं. म्हणून आम्ही गटासाठी नियम केलेत. पावसाळ्यात ओढ्यात, धबधब्याखाली उतरायचं नाही, लांबूनच बघायचं. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर चप्पल राहिली तरी राहू दे, आधी उंचावर जायचं. जुन्या पुलावर घोळका करून थांबायचं नाही. शेवाळलेल्या दगडावर फोटोसाठी चढायचं नाही. ओली साडी पायात गुंडाळते आणि पोहता येणारीलाही बुडवते, म्हणून साडीत गुडघ्यापुढे पाण्यात जायचं नाही. कुणी वाहायला लागलं, तर मागे उडी टाकायची नाही. काठावरूनच दोर, साडी, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकायचा, आरडाओरडा करून माणसं गोळा करायची आणि ११२ नंबर लावायचा. आमच्या सामानात आता एक दोर असतोच.

दोन चुका आमच्याही झाल्या. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, हे आम्ही नीट पाहिलं नव्हतं, म्हणून स्टेशनवर ताटकळलो. आणि संडासाची सोय कुठे आहे, ते आधी विचारलं नव्हतं. त्या भीतीने अर्ध्याजणी दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत. हे चांगलं नाही. निघण्याआधीच विचारून घ्या, लाजू नका.

आणि कचरा. नदी आमच्या गावातून निघते, खाली देहूला, आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. आम्ही वर टाकलेली पिशवी खाली कुणाच्या तरी पायाला लागणार. म्हणून जे नेलं ते परत आणायचं. प्लास्टिक नेलंच नाही, तर आणायचंही राहत नाही.

यंदा मावशींचे गुडघे फार दुखतात. आता त्या पायऱ्या त्यांच्याने होणार नाहीत. परवा म्हणाल्या, "बरं झालं गेलो. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं असतं, तर राहिलंच असतं." म्हणून पुढची सहल सपाटीची ठरवलीय. देहूला जायचं. दर्शन घ्यायचंच, पण दर्शन झाल्यावर लगेच गाडी गाठायची नाही. घाटावर तासभर बसायचं. आपल्या शिवारातली एवढीशी नदी तिथे केवढी होते, ते मावशींना बघायचंय. मागे राहिलेल्या त्या तिघींची नावं वहीत सगळ्यात वर आहेत.

तुमच्याही गावाजवळ एखादी नदी असेल, टेकडी असेल, जुनी बारव असेल. खिडकीतून बघून ठेवलेलं, जायचं राहिलेलं असं काहीतरी असेलच. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की तो एक प्रश्न विचारून बघा. आणि दिवस ठरवलात, तर वहीत लिहून ठेवा.