आधी सेन्सर वाचा, मग ॲम्प्लिफायर घ्या

आपल्यापैकी अनेकांची मुलं इथे पॉलिटेक्निकला किंवा ज्युनिअर कॉलेजला आहेत. प्रोजेक्टचे दिवस आले की सिम लिम टॉवरच्या फेऱ्या सुरू होतात आणि प्रश्न येतो, सेन्सरसाठी कोणता इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर घ्यायचा? दुकानात जाण्याआधी सेन्सरची माहिती वाचा, निम्मं उत्तर तिथेच आहे.

वजन मोजणारा लोड सेल घ्या. 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल 5 व्होल्टवर चालवला, तर पूर्ण भाराला मिळतात फक्त 10 मिलिव्होल्ट. त्यात इथल्या 50 हर्ट्झ विजेची गुणगुण दोन्ही तारांत शिरते. हा ॲम्प्लिफायर दोन तारांमधला फरक वाढवतो आणि दोन्हींत सारखं असेल ते दाबतो. या दाबण्याच्या क्षमतेला सीएमआरआर म्हणतात. तो 100 डेसिबल असेल, तर 1 व्होल्टची गुणगुण इनपुटला 10 मायक्रोव्होल्टइतकीच भासते.

मग सगळ्यांच्या ओळखीचा एडी620 घ्यावा का? प्रयोगशाळेत अधिक-उणे 12 व्होल्टचा पुरवठा असेल, तर जरूर. पण आर्डुइनोच्या 5 व्होल्टवर त्याचं आउटपुट दोन्ही टोकांच्या साधारण एक व्होल्ट आधीच अडतं. तिथे आयएनए333 बरा. 500 ओहमचा एक रेझिस्टर लावला की 201 पट वाढ, म्हणजे 10 मिलिव्होल्टचे 2 व्होल्ट.

आता पीएच प्रोब पाहू. त्याच्या काचेचा रोध 100 मेगाओहम धरला, तर इनपुटमधून 1 नॅनोअँपिअर वाहिला तरी 100 मिलिव्होल्टची चूक होते. 25 अंश सेल्सिअसला एक पीएच म्हणजे जेमतेम 59 मिलिव्होल्ट! कॅलिब्रेशन करून आज ती चूक काढाल, पण तापमान बदललं की काचेचा रोधही बदलतो आणि चूक परत येते. पडद्यावरचा आकडा मात्र स्थिर दिसतो, म्हणून मुलं त्यावर विश्वास ठेवतात. अशा प्रोबला आधी फेमटोअँपिअर पातळीचा एफईटी इनपुट बफर लागतो. सोनाराचं काम वखारीच्या तराजूवर कसं होणार?

आणि सिंगापूरची दमट हवा विसरू नका. बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओलावा धरतो आणि त्यातूनही प्रवाह गळतो. सोल्डरिंगनंतर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळवा.

तेव्हा मुलांनो, खरेदीआधी वहीत चार गोष्टी लिहा: सेन्सरचं व्होल्टेज, त्याचा रोध, आपला वीजपुरवठा आणि चालेल एवढी चूक. पालकांनो, तुम्ही फक्त ती वही बघायला मागा. नमस्कार.