कर समान दराचा की समान त्यागाचा?

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



प्राप्तिकर हा विषय सामान्यतः जुलै महिन्यात आठवतो आणि विवरणपत्र भरून झाले की विसरला जातो. परंतु राज्य आपल्या प्रजेकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे त्याच्या करपद्धतीइतके स्पष्टपणे अन्य कशातून दिसत नाही. म्हणून आज एका जुन्या वादाचा आपण शांतपणे विचार करू. सर्वांना एकाच दराने प्राप्तिकर लावावा, की उत्पन्न वाढेल तसा दरही चढत जावा?

एकदराचा पक्ष मांडणारे लोक अविचारी नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, शंभर रुपये मिळवणाऱ्याने दहा द्यावेत आणि हजार मिळवणाऱ्याने शंभर द्यावेत, यात अन्याय कोणता? जो अधिक मिळवतो तो अधिक देतोच. मग त्याच्यावर अधिक दराचाही बोजा टाकणे म्हणजे उद्यमशीलतेला दंड करणे होय. शिवाय एकच दर असेल तर हिशोब सोपा होतो, पळवाटा कमी होतात आणि सल्लागारांची गरज उरत नाही. आपल्याकडे अनिल बोकील यांनी मांडलेल्या ‘अर्थक्रांती’ प्रस्तावाला मराठी मध्यमवर्गात जो प्रतिसाद लाभला, त्याचे मर्म याच साधेपणाच्या ओढीत आहे. आयात शुल्क वगळता सारे कर रद्द करून बँक व्यवहारांवर एकच ठराविक कर घ्यावा, असा तो प्रस्ताव आहे.

चढत्या कराविषयीचा राग अकारण नाही, याला आपल्या देशाचा इतिहास साक्षी आहे. १९७३-७४ साली आपल्याकडे प्राप्तिकराचे अकरा टप्पे होते. दोन लाख रुपयांवरील उत्पन्नावर ८५ टक्के दर आणि त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के कर होता. शंभर रुपये अधिक मिळवणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. परिणाम काय झाला? माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ च्या अहवालातच सांगून ठेवले होते की, करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण हे अवाजवी दरच आहेत. अखेर ज्या यशवंतराव चव्हाणांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात हा दर होता, त्यांनीच १९७४-७५ च्या अर्थसंकल्पात तो ७७ टक्क्यांवर आणला. पुढे १९८५ मध्ये तो ५० टक्क्यांवर आणि १९९७ मध्ये ३० टक्क्यांवर आला. समाजवादाच्या नावाने प्रामाणिक माणसाला खोटे बोलण्यास भाग पाडणारी करव्यवस्था आपण पाहिली आहे. तिचे समर्थन कोणीही करू नये.

पण रोगावरील औषध म्हणून एकदराचा स्वीकार करावा काय? ज्यांनी तो स्वीकारला, त्यांचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. साम्यवाद कोसळल्यानंतर पूर्व युरोपात ही लाट आली. एस्टोनियाने १९९४ मध्ये प्रारंभ केला. रशियाने २००१ मध्ये १२, २० आणि ३० टक्क्यांचे टप्पे मोडून सर्वांसाठी १३ टक्के दर ठरवला. त्या काळी त्याची जगभर वाहवा झाली. त्याच रशियाने २०२१ मध्ये मोठ्या उत्पन्नांसाठी १५ टक्क्यांचा दुसरा दर आणला आणि २०२५ पासून १३ ते २२ टक्क्यांचे पाच टप्पे लागू केले. स्लोव्हाकियाने २००४ मध्ये १९ टक्क्यांचा एकच दर आणला आणि २०१३ मध्ये तो सोडला. बल्गेरिया मात्र २००८ पासून १० टक्क्यांवर स्थिर आहे. हंगेरीचे उदाहरण तर विशेष आहे. तेथे दर एकच, १५ टक्के. परंतु मुलांच्या संख्येनुसार सवलती मोठ्या आहेत आणि २०२० पासून चार किंवा अधिक अपत्यांच्या मातेला प्राप्तिकरातून आजन्म मुक्ती आहे. म्हणजे दर एक ठेवूनही त्या देशाला घराघरांतील भेद लक्षात घ्यावाच लागला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शुद्ध एकदर प्रायः कोठेच नसतो. समजा, चार लाख रुपये करमुक्त ठेवून वरच्या सर्व उत्पन्नावर २० टक्के कर लावला. आठ लाख मिळवणारा ८० हजार देईल, म्हणजे आपल्या उत्पन्नाचे १० टक्के. चाळीस लाख मिळवणारा ७ लाख २० हजार देईल, म्हणजे १८ टक्के. दर एकच असूनही कर चढताच झाला! जीवनावश्यक रकमेला हात लावू नये, हे एकदा मान्य केले की चढत्या कराचे तत्त्व मान्य झालेच. मग वाद उरतो तो चढण किती तीव्र असावी, एवढाच.

हे तत्त्व पश्चिमेकडून उसने घेतलेले आहे, असे समजण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाण्यावरील राजभागाचे दर पाहा. हाताने पाणी काढून शेत भिजवणाऱ्याकडून पाचवा भाग, खांद्यावरून वाहून नेणाऱ्याकडून चौथा आणि यंत्राने प्रवाह वळवणाऱ्याकडून तिसरा. ज्याचे कष्ट अधिक, त्याचा भाग कमी. आपत्काळात कोश भरण्याचे प्रकरण आले, तेव्हाही कौटिल्य पावसावर अवलंबून नसलेल्या, भरपूर धान्य देणाऱ्या भूमीकडूनच अधिक भाग मागायला सांगतो. मध्यम आणि हलक्या प्रतीच्या भूमीवर तो तेवढा भार टाकत नाही, आणि अशी मागणी एकदाच करावी, पुन्हा करू नये, असेही बजावतो. म्हणजे अधिक समर्थाकडून अधिक, पण मर्यादेने.

श्रीशिवछत्रपतींनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र आपणांपैकी अनेकांना परिचित असेल. ज्याला शेत करण्याचे सामर्थ्य आहे पण बैल-नांगर नाही, त्याला ते द्यावेत, पोटाला दाणे द्यावेत, आणि मुद्दल तेवढे बिनव्याजी, त्याला तवाना आल्यावर हळूहळू घ्यावे, अशी ती आज्ञा आहे. वसुली करण्याआधी रयतेच्या घरात काय आहे ते पाहा, हा त्या पत्राचा गाभा आहे. कराचा विचार करताना मला हे पत्र कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक मार्गदर्शक वाटते.

इंग्रजांच्या राज्यात काय झाले? १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सनने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. तोसुद्धा चढताच होता: वार्षिक दोनशे ते पाचशे रुपयांच्या उत्पन्नावर २ टक्के आणि त्यापुढे ४ टक्के. पण त्याच सरकारचा मिठावरचा कर मात्र सर्वांना सारखा होता. सावकाराच्या पानातले मीठ आणि मोलकऱ्याच्या पानातले मीठ यांत त्या कराने भेद केला नाही. नामदार गोखल्यांनी १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात या दोन्ही टोकांवर बोट ठेवले. मिठाचा कर उतरवा आणि प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा वाढवा, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि करमुक्त मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. एका अभ्यासू भाषणाने गरिबाची आणि मध्यमवर्गीयाची बाजू एकत्र मांडता येते, याचे हे उदाहरण आहे.

मिठाचा कर गेला, पण त्याचे तत्त्व गेलेले नाही. वस्तू आणि सेवा कर गिऱ्हाइकाचे उत्पन्न विचारीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण आणि टूथपेस्टवरील दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच आहे. तरीही साबणाच्या वडीवर हमाल आणि कारखानदार एकच कर भरतात. ज्याची सारी मिळकत खर्चातच संपते, त्याच्या वाट्याला हा बोजा प्रमाणाने अधिक येतो. तराजूच्या एका पारड्यात हा समान दर असताना, दुसऱ्या पारड्यात चढता प्राप्तिकर असणे हे न्यायाला धरून आहे.

आता आपल्या आजच्या स्थितीकडे येऊ. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे दर चार लाखांना ५, १०, १५, २० आणि २५ टक्के अशी पायरी आहे आणि चोवीस लाखांवर ३० टक्के. सवलतीमुळे बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्रत्यक्षात कर लागत नाही. नोकरदारासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाख होते. ही चढण सौम्य आहे आणि मध्यमवर्गाला तिने खरोखर दिलासा दिला आहे. मग दोष कोठे आहे?

दोष असा की, ही पद्धत व्यक्ती पाहते. कुटुंब पाहत नाही. दोन घरांची तुलना करा. एका घरात पती-पत्नी दोघे प्रत्येकी बारा लाख मिळवतात. दोघांचा मिळून कर शून्य. शेजारच्या घरात एकटा कर्ता चोवीस लाख करपात्र उत्पन्न मिळवतो. त्याची पत्नी अंथरुणाला खिळलेल्या सासूची आणि दिव्यांग मुलाची सेवा करते. या घराचा कर उपकरासह ३ लाख १२ हजार रुपये. दोन्ही घरांत येणारा पैसा तितकाच आहे. ज्या घरात खाणारी तोंडे आणि औषधांची बिले अधिक, त्याच घराने तीन लाख द्यायचे! चढत्या कराचा आत्मा क्षमता पाहण्यात आहे. येथे तर क्षमता उलटी मोजली गेली.

जुन्या पद्धतीत या घराकडे पाहण्याची थोडी तरी सोय होती. मुलांचे शिक्षणशुल्क, आईवडिलांचा आरोग्यविमा, दिव्यांग आश्रिताचा सांभाळ यांना वजावट मिळे. ती पद्धत आजही निवडता येते. परंतु तिथे करमुक्त मर्यादा अडीच लाखांची आणि दहा लाखांवरच ३० टक्के. त्यामुळे लोक नव्या पद्धतीकडे वळले. जुलै २०२४ अखेर दाखल झालेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ५ कोटी २७ लाख नव्या पद्धतीची होती. सुलभता आली, पण तिच्याबरोबर कुटुंब विवरणपत्रातून पुसले गेले. कोणी म्हणेल, हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानले जाते ना? मानले जाते, पण ते वडिलोपार्जित मालमत्तेच्या उत्पन्नापुरते. नोकरदाराचा पगार त्या कुटुंबाचा ठरत नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांत एकात्म मानववाद मांडला. समाज हा व्यक्तींनी करार करून उभारलेला संघ नसून जिवंत देह आहे, हा त्यांचा विचार. त्या देहातील पहिली एकात्म पेशी म्हणजे कुटुंब. आपली म्हातारी माणसे, अपंग भावंडे, शिकणारी मुले यांचा भार शासनावर न टाकता जे घर उचलते, ते शासनाचेच काम करीत असते. त्या सेवेची नोंद करपद्धतीने घेऊ नये, हे आपल्या परंपरेशी विसंगत आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र धरले तर नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या पहिल्या रुपयावरही चढा दर लागतो आणि तिचे पाऊल मागे येते. जर्मनीत १९५८ पासून अशी पद्धत आहे आणि तिच्यावर हीच टीका होते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून उत्पन्न एकत्र करण्याऐवजी आश्रितांमागे सूट देणे अधिक योग्य. आपल्याला हे नवे नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात अविवाहितासाठी एक हजार आणि विवाहितासाठी दोन हजार रुपये अशी वेगळी करमुक्त मर्यादा ठेवली होती, ती कुटुंबाला साह्य म्हणूनच.

दुसरा आक्षेप महसुलाचा. सवलत दिली की खजिन्यात तूट येणारच, आणि त्या खजिन्यातूनच सीमेवरच्या जवानाचे वेतन आणि खेड्यातली शाळा चालते. म्हणून मागणीही मर्यादेत हवी. प्रारंभ दिव्यांग आश्रित आणि सत्तर वर्षांवरील आईवडील यांच्यापासून करावा. सूट उत्पन्नातून वजा न करता थेट करातून ठराविक रक्कम म्हणून द्यावी, म्हणजे तीस टक्के भरणाऱ्याला अधिक आणि पाच टक्के भरणाऱ्याला कमी, असा भेद राहणार नाही. आणि तिची नोंद विवरणपत्राच्या एका ओळीत व्हावी, म्हणजे सुलभतेलाही बाध येणार नाही.

बंधुभगिनींनो, सारांश एवढाच. दर सर्वांना सारखा असणे ही अंकगणिताची समता आहे. त्याग सर्वांना सारखा जाणवणे ही धर्माची समता आहे. विधवा आईच्या औषधातून काढलेले शंभर रुपये आणि परदेशी सहलीतून वाचवलेले शंभर रुपये नाण्यात सारखे असतात, त्यागात नसतात. कर चढता असावा. तो इतका चढू नये की प्रामाणिकपणा तुटेल. आणि तो घराच्या उंबरठ्यावर थांबून आत कोण कोण आहे, हे विचारणारा असावा.

आपल्या वाट्याचे कर्तव्यही स्मरणात ठेवू. न्याय्य कराची मागणी करण्याचा अधिकार पूर्ण कर भरणाऱ्यालाच शोभतो. बिलाविना खरेदी आणि रोखीत लपवलेले भाडे यांनी आपलाच आवाज दुबळा होतो. या विषयावर आपापल्या खासदारांशी, करसल्लागारांशी आणि घरातील तरुण मुलांशी अवश्य बोला. अर्थसंकल्प दरवर्षी येतो. त्याआधी समाजाचे म्हणणे तेथवर पोहोचले पाहिजे.

 भारतमाता की जय!