शिंगाळा आणि गळ



आपल्या शहानूर नदीवर पोरे गळाला गांडूळ लावून बसतात. कोकणातल्या कोळ्याचा गळ वेगळा. एका लांब दोराला शेकडो गळ. प्रत्येकाला ताज्या मासळीचा तुकडा. वजन बांधून हा दोर समुद्राच्या तळाशी सोडतात. घोळ, वाम, शिंगाळा हे मोठे मासे तळाजवळ खातात. तिथे उजेड कमी. शिंगाळा तोंडाजवळच्या मिशांनी आमिषाची चव घेतो.

या शिंगाळ्याचे एक नवल ऐका. मादी अंडी घालते आणि बाप ती तोंडात धरतो. एकेक अंडे बोराएवढे! पिले हिंडती-फिरती होईपर्यंत कित्येक आठवडे तो उपाशी राहतो. आम्ही वर्गात हे सांगितले की मुले हसायची. पण खरे आहे, बरं का! तो खातच नाही, म्हणून गळालाही सहसा लागत नाही.

जाळे मात्र असे पाहत नाही. पर्ससीन म्हणजे माशांचा थवा घेरून खालून आवळायचे मोठे जाळे. १९८० च्या सुमारास मंगळूरकडे अशा जाळ्यांत अंडी धरलेले नर पुष्कळ सापडले. अंडी वाया गेली. इतर मासे लाखांनी अंडी घालतात, याची मोजकीच. पुढे आपल्या किनाऱ्यावरही शिंगाळा फार कमी झाला. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले.

गळाचा शिंगाळा काढताना कोळी हात जपतात. त्याचा काटा बोटात गेला की हात सुजतो आणि ठणकत राहतो.