दक्षिणेचा दरवाजा
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)



शिखराला रंग चढला, कळस बसला, त्याबद्दल पुष्कळांचे बोलून झाले आहे. सभामंडपाच्या दक्षिण भिंतीत पाडलेल्या नव्या दाराबद्दल मात्र कोणी बोललेले नाही. खर्चाच्या मानाने काम लहान. पण साऱ्या जीर्णोद्धारात सर्वांत जास्त वाद याच कामावरून झाला आणि सर्वांत जास्त धास्तीही याचीच होती.

सभामंडपाला पूर्वेचे एकच दार, तेही तीन फुटी. एरवी ते पुरे. सप्ताहात काल्याच्या दिवशी मात्र आत येणारे आणि प्रसाद घेऊन बाहेर पडणारे त्याच दारात समोरासमोर येत, आणि लेकुरवाळ्या बाया भिंतीशी चेपल्या जात. २५ जानेवारी २००५ रोजी शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या डोंगरावर, अरुंद नि निसरड्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन २५० हून अधिक भाविक प्राणास मुकले. गावचा मेळा त्यापुढे लहान खरा. पण तीन फुटांच्या दारात गडबड व्हायला हजारो माणसे लागत नाहीत.

दक्षिणेला दार नको, ती यमाची दिशा, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. पण पश्चिमेला गाभारा आणि उत्तरेला शेजाऱ्याची भिंत खेटलेली. उरली ती दक्षिणच. शेवटी त्यांच्यातल्याच एका आजोबांनी विचारले, "दक्षिणमुखी मारुतीला नारळ फोडता ना?" आणि तो वाद तेथेच मिटला.

खरा पेच पुढे होता. दार तुळशीवृंदावनाच्या बरोबर समोर यावे अशी सर्वांची हौस होती, आणि कोळशाने तशी खूणही झाली होती. वृद्ध गवंड्याने वर पाहिले. खुणेच्या बरोबर डोक्यावर छपराची तुळई टेकलेली होती. त्याने दार साडेतीन फूट पश्चिमेला सरकवले. पुष्कळांना ते रुचले नाही. वृंदावन आता दारातून तिरकेच दिसते. पण त्याचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. विटांचे थर सांधे मोडून रचलेले असतात. खाली पोकळी केली की वरची सारी भिंत कोसळत नाही. देवळाच्या शिखरासारख्या, पायरीपायरीने निमुळत्या होत गेलेल्या तेवढ्याच विटा खाली येऊ पाहतात. बाकीचा भार दोन्ही अंगांच्या भिंतीवर जातो. मात्र त्या निमुळत्या भागात तुळईचे टोक आले, तर छपराचे ओझेही दाराच्या माथ्यावर बसते. आणि दोन्ही अंगांना भिंत भरपूर उरली नाही, तर भार घ्यायला कोणी राहत नाही.

यावरूनच चौकटीचा प्रश्न निघाला. एका देणगीदारांनी आपल्या जुन्या वाड्याची सागवानी चौकट मोठ्या मनाने दिली होती, ती पाच फुटी. तेवढे दार पाडले असते तर कोपऱ्यापर्यंत जेमतेम सव्वा फूट भिंत उरत होती. गवंडी चार फुटांच्या पुढे जाईना. दिलेली वस्तू कापायची कशी, याचा समितीला संकोच. देणगीदारांनी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सुताराला घेऊन आले. गणेशपट्टीवरचा गणपती मधोमध राहील अशा बेताने दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा फूट कापला. ज्यांनी हे पाहिले, त्यांना त्या देणगीची किंमत वेगळी सांगायला नको.

भिंत दीड विटेची, म्हणजे सुमारे चौदा इंचांची. तरुण मंडळी श्रमदानाला घण घेऊन आली होती. गवंड्याने घण बाजूला ठेवायला लावले. भगदाड पाडून मग चौकट बसवायची, ही रीत घाईची. घणाच्या हादऱ्याने चुन्यातले सांधे दूरवर सुटतात. आधी जवळच्या तुळयांखाली फळ्या घालून धिरे दिले. लिंटेल आधीच जमिनीवर ओतून, पाणी मारून तयार ठेवले होते. एक नव्हे, सात-सात इंच रुंदीची दोन, साडेपाच फूट लांब. म्हणजे चार फूट दारावर दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेक. सळ्यांचा जोर खालच्या अंगाला असतो, कारण वाकताना खालची बाजूच ताणली जाते. उलटे बसले तर तेच लिंटेल तडकेल, म्हणून प्रत्येकावर वरच्या बाजूला गेरूने "वर" असे लिहिले होते. काहींना त्याचे हसू आले.

मग बाहेरून छिन्नीने अर्ध्याच जाडीची खाच घेतली. एकेक वीट सोडवताना आत पोकळ आवाज आला. प्लास्टरखाली कधीकाळी बुजवलेला कोनाडा निघाला, मातीने भरलेला. काम दोन दिवस थांबले. कोनाडा विटांनी भरून घट्ट झाल्यावरच पुढे गेले. सव्वाशे किलोचे पहिले लिंटेल चौघांनी उचलून खाचेत सारले, वरच्या फटीत कौलाच्या चिपा आणि घट्ट माल ठासला. चार दिवसांनी आतल्या बाजूने दुसरे. दोन्ही बसल्यावर मगच खालच्या विटा वरून खाली, थराथराने काढल्या. कडेला एकाआड एक थराचे दाते ठेवून नवी वीट त्यांत गुंतवली. निघालेल्या चांगल्या विटा पारासाठी वापरल्या.

यंदाच्या काल्याला बायका-मुले दक्षिणेच्या दाराने बाहेर पडली. दाराच्या उजव्या अंगाला, लिंटेलच्या वर, केसासारखी एक चीर आहे. तिच्यावर काचेची लहान पट्टी सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहिली आहे. मुलांनी ती काढू नये. येता-जाता नजर टाकावी, आणि काच तडकलेली दिसल्यास त्याच दिवशी समितीला कळवावे.