आधी मूठ बाजूला
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आज आपण शाळेसाठी निधी जमवतो आहोत. अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढत. त्याला मुष्टिफंड म्हणत. उरलं तर देऊ, असं नव्हतं. मूठ आधीच बाजूला पडायची.

आपल्या वेळची संचयिका आठवते? सातवीत मी साठवलेले सगळे पैसे यात्रेसाठी काढले आणि जूनमध्ये वह्यांना पैसे उरले नाहीत. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर दोन रकाने आखायला लावले : 'कधी लागतील' आणि 'किती लागतील'. घरखर्चाच्या वहीत ते रकाने मी आजही आखतो.

पाणीटंचाई आपल्या नांदगावला नवी नाही. आलेलं पाणी पुढच्या पाळीपर्यंत कसं पुरवायचं, हे आपण आईकडून हंड्या-कळशीवर शिकलो. पैशाचंही तसंच आहे.

म्हणून एक विनंती. निधीतला थोडा भाग मुलांच्या हाती द्या. पुस्तकं घ्यायची की खेळाचं साहित्य, ते त्यांनी ठरवावं. दुकानांतून भाव काढावेत, पुढच्या वर्षासाठी काही राखून ठेवावं, हिशेब फळ्यावर लिहावा. चुकतील, तर चुकू द्या. माझंही चुकलं होतं.

पुढच्या मेळाव्यात भाषणं आपण कमी करू आणि मुलांचा हिशेब ऐकू.